सात की चार? नजरेने दिलेले गुण किती टिकतात

प्रश्न थोडक्यात असा: शहादा तालुक्यातले एक क्रीडाशिक्षक विचारतात, की १७ वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल निवड चाचणीत त्यांच्या लेफ्ट बॅकला (डावीकडच्या बचावपटूला) एका निरीक्षकाने १० पैकी ७ दिले आणि दुसऱ्याने ४. सामना एकच, मैदान एकच. मग असल्या गुणांवर विश्वास ठेवायचा, की मोबाइलमधल्या ॲपसारखे आकडे मोजूनच खेळाडू ठरवायचा? शिवाय मिडफिल्डच्या एका जागेसाठी त्यांच्याकडे दोन मुलं आहेत. एकाची सरासरी ६.५, दुसऱ्याची ६.२. कोणाला घ्यावं?

सर, सात खरे की चार, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. त्या दोघांनाही येणार नाही. मी असतो तर त्यांना वेगळंच विचारलं असतं. त्याच सामन्याचं चित्रण पंधरा दिवसांनी दाखवलं, तर सात देणारा पुन्हा सातच देईल का? दोन माणसांचं पटत नाही हे सगळ्यांना दिसतं, त्यावरून भांडणंही होतात. एका माणसाचं स्वतःशीच पटत नाही, हे मात्र कोणी तपासायला जात नाही.

मीही उशिराच तपासलं. भुसावळ-जळगाव पट्ट्यात पोरांना शिकवायला लागून मला तेवीस वर्षं झाली. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं निंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून, वहीत गुण लिहून मी संघ निवडले. त्या वहीतलं अक्षर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा कॉलेजच्या एका पोराने हौसेने गच्चीवरून अख्खा सामना मोबाइलवर घेतला. तीन आठवड्यांनी, वही न उघडता, मी ते चित्रण बघून पुन्हा गुण दिले आणि मग वहीशी ताडून पाहिले. अकरातल्या चौघांचे गुण दीडने किंवा त्याहून जास्त हलले होते. वहीत ज्या स्टॉपरला (मधल्या बचावपटूला) ५ होते त्याला आता ७ पडले. कारण साधं होतं. सामन्याच्या दिवशी तो माझ्यापासून लांब, पलीकडच्या बाजूला, धुळीत खेळत होता. मी त्याला पाहिलाच नव्हता, नुसता धरून चाललो होतो. स्ट्रायकरचे ८ घसरून ६ झाले. त्याने शेवटच्या पाच मिनिटांत गोल मारला होता आणि त्या गोलाने आधीचा पाऊण तास झाकून टाकला होता. एवढा वेळ तो कमरेवर हात ठेवून उभा होता, हे चित्रणात लख्ख दिसत होतं.

यात माझ्या एकट्याचा दोष नाही, असं नंतर वाचल्यावर कळलं तेव्हा जरा बरं वाटलं. कॅनडात १९८६ मध्ये नवख्या प्रशिक्षकांना फुटबॉलचा एक हाफ दाखवून लगेच विचारलं, काय काय घडलं? निम्म्याहून कमी गोष्टी बरोबर निघाल्या. नवखे होते म्हणून सोडून द्यावं, तर पुढे जिम्नॅस्टिक्सच्या अनुभवी प्रशिक्षकांवर अशीच चाचणी झाली. दोन उड्यांमधला फरक ओळखण्यात ते नवख्यांपेक्षा काही फार सरस ठरले नाहीत. उलट जिथे फरक नव्हताच तिथेही त्यांना तो जास्त वेळा दिसला, आणि आत्मविश्वास तर भरपूर. तेवीस वर्षांच्या अनुभवाचं मी लोकांना सांगतो तेव्हा हे मनात ठेवूनच सांगतो.

आपल्या खान्देशात ही गोष्ट खरं तर नवी नाही. १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून केंद्रावरचा ग्रेडर म्हणजे काय चीज असते हे इथल्या शेतकऱ्याला चांगलं ठाऊक आहे. गाड्यांची रांग लागलेली, ग्रेडर येणार, गाडीत कोपरापर्यंत हात घालणार, मूठभर कापूस काढून दोन अंगठ्यांत तंतू ताणणार आणि प्रत सांगून पुढच्या गाडीकडे जाणार. माझ्या वडिलांनी एकदा एकाच ढिगातला कापूस दोन गाड्यांत भरून नेला होता. सकाळच्या गाडीला एक प्रत मिळाली, उन्हं चढल्यावर दुसरीला तिच्याखालची. वडील घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘कापूस तोच शे, मानूस भुक्या व्हता.’ आज यंत्रावर तंतूची लांबी, बळकटी, मायक्रोनेअर (तंतूचा बारीकपणा आणि पक्वता) वेगवेगळे मोजतात. मला त्यातली यंत्राची गोष्ट तेवढी महत्त्वाची वाटत नाही. ‘प्रत’ या एका शब्दात कोंबलेल्या या गोष्टी सुट्या केल्या, तेव्हाच त्या मोजता आल्या, हे महत्त्वाचं. खेळाडूच्या ‘७’ मध्ये काय काय कोंबलंय, ते आधी सुटं करायला हवं.

मोठ्या वर्तमानपत्रांचे गुण बघा. फ्रान्सचं ‘लेकिप’ दहापैकी गुण देतं आणि इतकं हात राखून देतं, की १० मिळाले तर त्याचीच बातमी होते. १९९४ च्या विश्वचषकात रशियाच्या ओलेग सालेंकोने कॅमेरूनवर एकट्याने ५ गोल मारले तेव्हा त्याला १० मिळाले. मेस्सीला मिळालेत, २०१९ मध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या खेळाबद्दल अयाक्सच्या दुशान तादिचला मिळाले. जर्मनीत ‘किकर’ या क्रीडा नियतकालिकाची पट्टी उलटी, तिथल्या शाळेसारखी: १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे नापास. इटलीत ६ म्हणजे काठावर पास, आणि या गुणांवर तिथले लोक घरोघरी फँटसी लीग खेळतात. पट्टी कुठलीही असो, बहुतेक खेळाडू मधल्या तीन-चार घरांतच दाटीने बसतात. नावाला दहा पायऱ्या, वापरात चार. म्हणजे अर्ध्या गुणाचा फरक दिसायला बारीक, पण त्या चार पायऱ्यांवर तो मोठा. आणि नेमका तेवढाच फरक निरीक्षकाच्या मूडवर हलतो.

इटलीतल्या वर्तमानपत्रांचे असे गुण आणि सामन्यांची बारीक आकडेवारी शेजारी ठेवून २०१७ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात दिसलं, की गुण देणारा मैदानावरच्या शेकडो गोष्टींतल्या मोजक्याच ठळक गोष्टी पकडतो. शिवाय सामना किती गोलांनी जिंकला किंवा हरला, तो जिंकणं अपेक्षित होतं का, हे खेळाडूच्या हातात नसलेलंही त्याच्या गुणात उतरतं. मला त्याहून जास्त पटलेला अभ्यास २०१९ चा. दोन अर्थशास्त्रज्ञांनी गोलपोस्टला लागलेले फटकेच फक्त घेतले. काही पोस्टला लागून आत गेले, काही बाहेर आले. फटका मारणाऱ्याचं कसब दोन्हीकडे जवळपास सारखंच, फरक दोन-चार इंचांचा, म्हणजे निव्वळ नशिबाचा. तरी ज्यांचा चेंडू आत गेला त्यांना सामन्याचे गुण चढे मिळाले. माझ्या वहीतला तो ८ वाला स्ट्रायकर आठवा.

आता ॲपबद्दल. ‘हूस्कोअर्ड’सारख्या ठिकाणी प्रत्येक खेळाडू ६.० वर सुरू होतो आणि पास, टॅकल, शॉट अशा शेकडो नोंदींवरून आकडा वर-खाली होतो. त्यात लोभ-राग नाही, हे मान्य. पण तुम्ही विचारलंय म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, त्या नोंदी आकाशातून पडत नाहीत. ऑप्टासारख्या कंपनीत माणसंच पडद्यासमोर बसून बटणं दाबतात. २०१३ मध्ये त्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या नोंदी उत्तम जुळल्या. हे कसं? तिथे माणसाला ‘कसा खेळला’ असं विचारलेलंच नसतं. पास झाला का, कोणाचा, पोहोचला का, एवढंच विचारलेलं असतं, आणि टॅकल कशाला म्हणायचं याची व्याख्या लिहून दिलेली असते. काय घडलं यावर माणसं जुळतात, किती चांगलं घडलं यावर फाटतात. दुसरी गोष्ट, चेंडूपासून लांब जे घडतं ते अशा नोंदीत येतच नाही. चांगला स्टॉपर आधीच योग्य जागी उभा असतो, म्हणून समोरचा तिकडे पास टाकतच नाही. त्याच्या खात्यावर काय पडणार? शून्य टॅकल. तुमच्या लेफ्ट बॅकचंही असं काही झालं असू शकतं.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा, पण नजरेने गुण देण्याचा धंदा तिथे सगळ्यात पद्धतशीर चालतो. प्रो फुटबॉल फोकस नावाची कंपनी, सुरुवात मात्र एका इंग्रजाने केलेली, प्रत्येक खेळाडूला सामन्याचे नव्हे तर प्रत्येक डावाचे (चेंडू एकदा खेळात आला की थांबेपर्यंतच्या खेळाचे) गुण देते. उणे २ पासून अधिक २ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. नेहमीचं काम नेहमीसारखं केलं तर शून्य. मग बेरीज, मग ती ० ते १०० च्या पट्टीवर. ही रचना मला मनापासून आवडते, कारण तिने ‘प्रत’ मोडून तिचे शेकडो छोटे तुकडे केले. एका तुकड्यात चुकलात तरी बाकीचे सांभाळून घेतात. पण तिथल्या प्रशिक्षकांची जुनी तक्रारही तितकीच खरी: त्या डावात खेळाडूला काय करायला सांगितलं होतं, हे बाहेर बसलेल्या माणसाला कसं कळणार?

हे मात्र आपल्याकडेही पावलोपावली घडतं. कॉर्नरवर गोल झाला की सगळे त्या मुलाकडे बघतात ज्याच्या डोक्यावरून हेडर गेला. त्याला खरं तर जवळचा पोस्ट सांभाळायला सांगितलेलं असतं आणि मार्किंग दुसऱ्याच कोणाचं सुटलेलं असतं. तुमच्या लेफ्ट बॅकचं मी काही पाहिलेलं नाही, पण सात आणि चार एवढी फट पडते तेव्हा माझा पहिला संशय इथेच जातो. एकाला वाटलं असेल, पोरगा मागे थांबून जागा धरतोय, शिस्तीचा आहे. दुसऱ्याला वाटलं असेल, पुढे जातच नाही, दम नाही. दोघांनी एकच गोष्ट पाहिली आणि मोजली वेगवेगळी. मग ती नजरेची चूक उरत नाही. लेफ्ट बॅककडून काय हवंय, हे चाचणीआधी कोणी ठरवलंच नव्हतं.

निरीक्षक कितपत जुळतात, हे मोजायचं साधन आहे आणि त्याला कॉम्प्युटरही लागत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेनने १९६० मध्ये काढलेला ‘कप्पा’ (kappa) नावाचा आकडा: ० म्हणजे निव्वळ नशिबाने जुळलं, १ म्हणजे पूर्ण जुळलं. समजा दोघांनी एकाच मुलाच्या १०० कृती पाहिल्या आणि प्रत्येकीला ‘साधी’ किंवा ‘ठळक’ म्हटलं. दोघांनीही ८० साध्या आणि २० ठळक म्हटल्या, आणि ७४ वेळा दोघांचं एकमत झालं. ऐकायला झकास. पण दोघांनी डोळे मिटून शिक्के मारले असते तरी ६८ वेळा जुळलंच असतं (०.८ गुणिले ०.८, अधिक ०.२ गुणिले ०.२). म्हणजे नशिबाच्या वर फक्त ६, आणि जास्तीत जास्त ३२ मिळवता आले असते. ६ भागिले ३२, कप्पा सुमारे ०.१९. अगदीच कच्चा. आत डोकावलं तर कळतं का ते: ठळक म्हणून दोघांनी मिळून पकडलेल्या कृती फक्त ७. बाकीचं एकमत ‘काही विशेष नाही’ यावरचं. आणि निवड तर त्या ठळक कृतींवरच व्हायची असते ना?

मग नजर फेकून द्यायची? नाही. एक नजर कच्ची असली, तरी अनेक कच्च्या नजरा मिळून पक्क्या होतात, आणि किती पक्क्या होतात याचं १९१० पासूनचं सूत्र आहे, स्पीअरमन-ब्राउन नावाचं. एका माणसाच्या एका गुणाची विश्वसनीयता ०.४ धरा (० म्हणजे अजिबात भरवसा नाही, १ म्हणजे पूर्ण). दोघांची सरासरी घेतली तर ती ०.५७ होते, चौघांची घेतली तर ०.७३. चौघं जण एकच सामना बघोत किंवा एकच जण चार सामने बघो, हिशोब साधारण असाच चालतो, फक्त चुका वेगवेगळ्या कारणांच्या असायला हव्यात. म्हणून एका नामवंत निरीक्षकापेक्षा मला चार साधे क्रीडाशिक्षक चालतात. अट एकच, चौघांनी आपापला कागद भरेपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. आपल्याकडे होतं काय, हाफ टाइमला चौघं टपरीवर जातात, त्यातला जो सीनियर तो कटिंग हातात घेऊन म्हणतो, ‘तो दहा नंबरचा पोऱ्या भारी शे’, आणि दुसऱ्या हाफमध्ये चारही कागदांवर दहा नंबर भारी होतो. कागद चार, नजर एकच. विश्वसनीयता पुन्हा ०.४ वर.

जाता जाता आपल्याकडची एक गंमत. जगभर दिसून आलंय की वयोगटाच्या निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात. आठ-दहा महिन्यांनी मोठा म्हणजे उंच, दमदार, आणि नजरेला तेच कौशल्य वाटतं. हे आपल्या यादीत तपासायला मी एकदा मोठ्या उत्साहाने जन्मतारखा मागवल्या. पानभर १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेल्या तारखा. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या मुलांचं तर विचारूच नका. त्यामुळे आता मी तारीख बघत नाही, मुलाला त्याच्याच उंचीच्या मुलांमध्ये एकदा खेळवून बघतो. दांडगा पोरगा तिथे बऱ्याचदा साधा निघतो आणि एखादा किरकोळ अंगाचा डोळ्यात भरतो.

तर तुम्ही काय करावं? शाळेच्या गच्चीवर मोबाइल बांधा, शक्य तितका उंच, मैदानाच्या मधल्या रेषेसमोर. मैदानालगत बसून दिलेले गुण निम्मे धुळीला दिलेले असतात. जागेनुसार तीन-तीन गोष्टी आधीच लिहून ठेवा. मिडफिल्डसाठी मी या ठेवतो: चेंडू येण्याआधी मान वळवून मागे पाहिलं का, पहिला टच पुढच्या खेळाच्या दिशेने गेला का, चेंडू गेल्यावर पाच पावलांत परत कामाला लागला का. प्रत्येकीला उणे, शून्य किंवा अधिक, बस. दहाची पट्टी नको, अर्धे गुण तर नकोच. चित्रण कापून छोट्या क्लिप करा, त्यांचा क्रम उलटसुलट करा, आणि गोल झाला की नाही ते दिसण्याआधीच क्लिप थांबवा. शेवटचं हे सगळ्यात जड जातं, कारण पुढे काय झालं हे बघितल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. पण त्या पोस्टच्या फटक्यांचा रोग याशिवाय जात नाही. शंभरेक क्लिप झाल्या की कागद कुलपात ठेवा आणि पंधरा दिवसांनी त्यातल्या तीस पुन्हा बघा. तुमचा तुमच्याशीच कप्पा काढा. तो ०.६ च्या वर येईना, तर निकष नीट लिहिलेले नाहीत असं समजा आणि निकष बदला. मुलं नका बदलू.

माझा स्वतःचा पहिल्या खेपेला ०.४ च्या आसपास आला होता. दोष ‘मान वळवली का’ या निकषाचा निघाला. गच्चीवरून मोबाइलमध्ये मानच दिसत नव्हती! मग एक पोरगा खाली टचलाइनवर फक्त मान मोजायला उभा केला. मे महिन्यात, ४४ अंशांत. त्याने मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल, ते सोडून देऊ.

राहिली ती ६.५ आणि ६.२ ची दोन मुलं. सर, हा फरकच नाही. एक-दोन निरीक्षकांच्या तोंडी गुणांत ०.३ म्हणजे जेवण झालं होतं की नव्हतं एवढाच फरक. त्यावर एकाला घेतलं आणि दुसऱ्याला घरी पाठवलं, तर ती चिठ्ठी काढल्यासारखीच निवड होईल. दोघांनाही आणखी दोन सराव सामने द्या. पहिल्यात एक जण जिंकणाऱ्या संघात, दुसऱ्यात दुसरा, म्हणजे निकालाचा रंग दोघांवर सारखा चढेल. निरीक्षक असे घ्या ज्यांना ६.५ चा कोणता आणि ६.२ चा कोणता हे माहीत नाही. तुम्ही स्वतः त्या दिवशी गुण देऊ नका, तुम्हाला माहीत आहे. त्यानंतरही दोघं बरोबरीतच राहिले, तर जो डाव्या पायाने खेळतो त्याला घ्या. तुमच्या संघात डावखुरा मिडफिल्डर नाही, असं तुम्हीच प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय.